हात आवरणारा डॉक्टर

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. नर्स इंजेक्शनची वेळ कागदावर लिहून देते आहे.)

आयव्हीएफमध्ये, म्हणजे बीज शरीराबाहेर फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचारात, समजा सोमवारी रात्री साडेनऊला बीजं पक्व करणारं एक इंजेक्शन घ्यायचं असतं. दवाखान्यात सगळे त्याला ट्रिगर म्हणतात. ते वेळेवर गेलं, तर बुधवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला, म्हणजे ३६ तासांनी, स्त्रीबीजं बाहेर काढता येतात. काढायला फार उशीर झाला, तर फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं ती पाण्याची पिशवी, फुटून बीजं पोटात निघून जातात. फार घाई केली, तर ती कच्ची निघतात किंवा फॉलिकलच्या भिंतीला धरून राहतात आणि सुईतून नुसतं पाणी येतं. म्हणून वंध्यत्वतज्ज्ञ दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात, इंजेक्शन नक्की किती वाजता घेतलं? फॉलिकल भरपूर आणि बीज एकही नाही, असं झालं की आधी याच उत्तराकडे बघायचं.

हे काम हाती यायला बरीच वर्षं जातात. वैद्यकीय पदवी, मग स्त्रीरोग आणि प्रसूतीशास्त्र, मग वंध्यत्वाची फेलोशिप. सुईच्या आधी नजर तयार करावी लागते. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत दोन्ही बीजकोशांतले २ ते १० मिलिमीटरचे फॉलिकल मोजायचे, एएमएचच्या, म्हणजे बीजांचा उरलेला साठा दाखवणाऱ्या संप्रेरकाच्या, आकड्याशी ताडून बघायचे. त्यावरून बीजं किती मिळतील याचा अंदाज येतो. ती कशी असतील, हे मुख्यतः वयावर ठरतं. एएमएच कमी आहे म्हणून पंचविशीतल्या मुलीला घाबरवून सोडणं आणि एएमएच चांगलं आहे म्हणून बेचाळिशीतल्या बाईला निर्धास्त करणं, दोन्ही तितकंच चूक.

पहिल्या भेटीला दोघांनी यायचं, यावर चांगला डॉक्टर अडून बसतो. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही काही कारण असतं, आणि तरीही महिनोन्‌महिने तपासण्या बाईच्याच होत राहतात. वीर्यतपासणीचा नमुना २ ते ७ दिवसांच्या अंतरानंतर द्यायचा. एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू ही जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये दिलेली खालची मर्यादा. पण एका रिपोर्टवर निकाल द्यायचा नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे मागे येऊन गेलेला मोठा ताप आज रिपोर्टमध्ये दिसतो. आणि एक प्रश्न न लाजता विचारायचा: शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू आहेत का? ती शुक्राणूंची निर्मिती पार थांबवू शकतात.

(दृश्य: सोनोग्राफीचा पडदा. काळे गोल फॉलिकल मोजले जात आहेत.)

आता आयव्हीएफची सायकल, म्हणजे उपचाराची एक फेरी, सुरू होते. एफएसएच या फॉलिकल वाढवणाऱ्या संप्रेरकाची इंजेक्शनं रोज, बहुतेकींना १५० ते २२५ युनिट, साधारण दहा-बारा दिवस. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बीजं वेळेआधी सुटू नयेत म्हणून दुसरं इंजेक्शन. पुढचे फॉलिकल १७-१८ मिलिमीटरचे झाले की ट्रिगर.

डॉक्टरचा स्वभाव कळतो तो इथे. डोस वाढवून बीजं वाढवण्याचा मोह मोठा असतो, कारण आकडा ऐकून सगळेच खूश होतात. पण ज्यांच्या बीजकोशांत मुळातच खूप फॉलिकल आहेत, विशेषतः पीसीओएस (बीजकोशांत खूप लहान फॉलिकल आणि अनियमित पाळी) असलेल्या मुली, त्यांना जास्त डोस भोवतो. बीजकोश फुगतात, रक्तवाहिन्यांतलं पाणी पोटात झिरपतं, लघवी कमी होते, रक्त घट्ट होऊन गुठळीचा धोका वाढतो. यात जीवही जाऊ शकतो. उपाय माहीत आहे: डोस कमी, ट्रिगर एचसीजी या नेहमीच्या संप्रेरकाऐवजी ॲगोनिस्टचा, म्हणजे शरीराकडूनच थोड्या वेळापुरता इशारा करवून घेणाऱ्या औषधाचा, आणि त्या महिन्यात ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, नाहीच. भ्रूण उणे १९६ अंशांवर द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायचे आणि शरीर पूर्वपदावर आल्यावर पुढे जायचं. वाट बघून कंटाळलेल्या जोडप्याला "या महिन्यात नको" हे सांगायला धीर लागतो.

भ्रूण गोठवून पुढच्या पाळीत वापरण्याची ही वाट कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८मध्येच धरली होती. त्या वर्षी २५ जुलैला इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला स्टेप्टो, एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांच्या प्रयत्नांतून पहिलं आयव्हीएफ बाळ जन्मलं, तेही नैसर्गिक पाळीतल्या एकाच बीजापासून. ३ ऑक्टोबरला कोलकात्यात दुसरं. सरकारी समितीनं मुखोपाध्यायांचं म्हणणं फेटाळलं आणि १९८१मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. १९८६मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांबरोबर आयव्हीएफ यशस्वी करणारे शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्यायांच्या नोंदी तपासल्या आणि १९९७मध्ये जाहीर लिहिलं, की भारतातले पहिले आपण नाही, ते होते. पहिलेपणाचा मान स्वतःकडून काढून दुसऱ्याला देणं किती अवघड असेल! या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

(दृश्य: प्रयोगशाळा. मंद उजेड, इन्क्युबेटरची रांग.)

बीजं काढायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. नळीतलं पाणी ३७ अंशांवर धरूनच शेजारच्या खोलीत एम्ब्रिओलॉजिस्टकडे, म्हणजे भ्रूण सांभाळणाऱ्या तज्ज्ञाकडे, जातं. इन्क्युबेटरमध्ये ऑक्सिजन फक्त ५ टक्के, कार्बन डायऑक्साइड ६ टक्क्यांच्या आसपास, कारण भ्रूण ज्या द्रवात वाढतात त्याचा पीएच (आम्लता) त्यावर टिकतो. अत्तर लावून आत यायचं नाही. शेजारी रंगकाम चाललं असेल तरी काळजी, हवेतली रसायनं भ्रूणाला बाधतात. प्रत्येक डबीवरचं नाव दोघांनी मिळून वाचायचं. एकट्यानं कधीच नाही.

इथून आकडे गळत जातात, आणि ते जोडप्याला आधीच सांगायला हवं. बारा बीजं मिळाली, तर पक्व नऊ-दहा, फलित सहा-सात, पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे गर्भाशयात रुजण्याच्या तयारीच्या टप्प्यापर्यंत, पोचणारे तीन-चार. हे तरुण वयातलं. चाळिशीनंतर बीजं कमी मिळतात आणि बहुतेक भ्रूणांत गुणसूत्रांचा दोष असतो, मग डॉक्टर कितीही निष्णात असो. फलन झालं का, हे सोळा ते अठरा तासांनी बघतात. दोन केंद्रकं दिसायला हवीत. तीन दिसली तर ते भ्रूण वापरत नाहीत.

ट्रान्सफर बाहेरून अगदी साधी दिसते. मूत्राशय भरलेलं, पोटावर सोनोग्राफीचा प्रोब, मऊ नळी गर्भाशयाच्या वरच्या कडेपासून एक-दीड सेंटिमीटर अलीकडे थांबवायची. कडेला धक्का लागला तर गर्भाशय आकुंचन पावतं. नंतर नळी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, भ्रूण आत अडकून परत तर आलं नाही ना. आणि भ्रूण सोडायचं एकच, जिथे शक्य आहे तिथे. दोन सोडून जुळं झालं की घरचे पेढे वाटतील, पण वेळेआधी प्रसूती, रक्तदाब आणि नवजात अतिदक्षता विभागातले आठवडे त्या आईच्या आणि बाळांच्या वाट्याला येतात. ट्रान्सफरनंतर झोपून राहायची गरज नाही. शिंकल्यानं किंवा जिना चढल्यानं भ्रूण पडत नाही. हे डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं नाही, तर चाचणी निगेटिव्ह आल्यावर बाई आयुष्यभर स्वतःला दोष देत बसते.

दोनदा अपयश आलं की जोडपं विचारतं, आणखी काही करता येईल का? गर्भाशयाचं अस्तर खरवडण्याचा उपाय एकेकाळी सर्रास केला जाई. २०१९मध्ये तेराशेहून अधिक स्त्रियांवरच्या अभ्यासात बाळ होण्याचं प्रमाण त्यानं वाढलं नाही. तेव्हा बिलात ओळ वाढवण्यापेक्षा मागची सायकल उघडून बसणं जास्त उपयोगाचं: ट्रिगरची वेळ, पक्व बीजांचं प्रमाण, भ्रूण कोणत्या दिवशी थांबले, अस्तराची जाडी, ट्रान्सफरला नळी सहज गेली का. कधीकधी या पाहणीतून निघतं ते एवढंच, की स्वतःच्या बीजांनी आता होणार नाही. तेही त्याच खुर्चीत बसून, घाई न करता, दोघांना सांगायचं असतं.

डॉक्टर स्वतःचं काम कशानं मोजतो, हेही बघावं. पॉझिटिव्ह चाचण्यांचा आकडा सगळ्यात मोठा दिसतो, हृदयाचे ठोके दिसलेल्यांचा त्याहून लहान, घरी बाळ नेलेल्यांचा आणखी लहान. भागायचं कशानं, ट्रान्सफरच्या संख्येनं की सुरू झालेल्या सायकलींच्या, यावरही टक्केवारी बदलते. म्हणून जोडप्यानं सरळ विचारावं: आमच्या वयाच्या, स्वतःची बीजं वापरणाऱ्या किती जणींच्या सायकली इथे सुरू झाल्या आणि त्यातून किती बाळं जन्मली?