सोलापूरच्या अंगणात आल्पाइन स्ट्रॉबेरी

नमस्कार श्रोतेहो. स्ट्रॉबेरी म्हटले की महाबळेश्वर आठवते, आणि पारा चाळिशीपार नेणाऱ्या आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात हे झाड तगणार कसे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. आज सांगणार आहे ती मळ्यातली मोठी स्ट्रॉबेरी नव्हे, तर युरोपातील रानस्ट्रॉबेरीच्या कुळातली आल्पाइन स्ट्रॉबेरी. तिचे फळ करंगळीच्या नखाएवढे असते. सुगंधात मात्र मोठे फळ तिच्या जवळपासही येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

ती स्वस्तात पडते ती बियांमुळे. मोठ्या स्ट्रॉबेरीच्या बियांपासून मूळ वाणासारखे झाड येत नाही, म्हणून तिची रोपेच आणावी लागतात. आल्पाइनला सहसा रनर, म्हणजे जमिनीवर पसरून नवी रोपे देणारे फुटवे, फुटत नाहीत, पण तिच्या बियांतून बहुधा त्याच वाणाचे झाड मिळते. त्यामुळे बियांचे पाकीट एकदाच घ्यावे लागते.

आपल्याकडे थंडीचे दिवस थोडे, म्हणून ऑगस्टअखेर बी हवाबंद डबीत घालून तीन आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे आणि मग घरातल्या थंड, भरपूर उजेडाच्या जागी पेरावे. हे बी मोहरीहूनही बारीक असते आणि त्याला उगवण्यासाठी उजेड लागतो. म्हणून ते ओल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, पसरून बोटाने हलकेच दाबावे, वर माती मुळीच लोटू नये, आणि झारीने पाणी न घालता ट्रे पाण्यात टेकवून खालून ओल चढू द्यावी. अंकुर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा धीर सोडू नये.

तीन-चार पाने आली की तळाला भोके पाडलेल्या तेलाच्या डब्यात रोप लावावे. निव्वळ काळी माती नको, कारण ती पाणी धरून ठेवते आणि रोपाचा गड्डा, म्हणजे मुळांच्या वरचा पाने फुटणारा भाग, कुजतो. तिच्यात कोकोपीट आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळावे, आणि गड्डा मातीच्या वरच राहील असे पाहावे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने मातीवर पांढरा थर धरत असेल, तर साठवलेले पावसाचे पाणी द्यावे.

मार्चपासून डबे पूर्वेच्या भिंतीशी, शेडनेटखाली हलवून वर उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे. कडक उन्हात फळ धरत नाही, तेव्हा फक्त झाड जगवावे. त्याआधी पूर्ण पिकलेली, हात लावताच सुटणारी काही फळे कागदावर चिरडून सावलीत वाळवावीत आणि सुटलेले बी पुढच्या ऑगस्टसाठी डबीत भरून ठेवावे.