कान आधी, जीभ नंतर

(काळोख. हृदयाचे ठोके. त्यांच्या आडून येणारा बाईचा दबका आवाज.)

बाळ अजून जन्मलेलं नाही, पण ऐकतंय. शब्द नाही, आवाजाचे हेलकावे. १९८० साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकी संशोधकांनी ३ दिवसांच्याही आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज लागे, दुसऱ्या लयीत परक्या बाईचा. बाळांनी आईची लय धरली.

(दुपट्यावर पालथं बाळ. 'बाबाबाबा...')

७ महिने. बाबांनी एवढ्यात हुरळून जाऊ नये. मिटलेले ओठ उघडले की 'बा' निघतो, इतकंच. खरं काम कानात चाललंय.

'ताट' हा शब्द सावकाश म्हणून पाहा. 'त'ला जीभ दातांना टेकते, 'ट'ला वर वळते. आपल्याला हा फरक लख्ख कळतो, इंग्रजीत वाढलेल्या मोठ्या माणसाला सहसा कळत नाही. पण त्याच्या बाळाला? जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की इंग्रजी घरातली ६ ते ८ महिन्यांची बाळं हिंदीतले हे दोन उच्चार वेगळे ओळखतात. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ही ओळख पुसट होते. कान शाबूत असतो. ज्या फरकाने घरच्या भाषेत अर्थ बदलत नाही, त्याकडे बाळ कानाडोळा करू लागतं.

मग परकी भाषा टीव्हीवर लावून ठेवली तर? पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने हेच तपासलं, २००३ मध्ये. ९ महिन्यांच्या अमेरिकी बाळांपुढे बसून मँडरिन बोलणारी माणसं खेळली, तेव्हा त्या भाषेतले उच्चार बाळांना ओळखता आले. तीच माणसं पडद्यावर दाखवली, तर काहीच पदरात पडलं नाही.

(बाळ बोट दाखवतं. आजी त्या दिशेला बघते.)

वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोनच्या सुमारास शब्दाला शब्द जोडणं. थोडं मागेपुढे चालतं. पण 'याचा बापही उशिराच बोलला' म्हणत थांबून राहणं मला पटत नाही. ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने आवाज काढतं, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. कानांची तपासणी आधी करावी. आणि येत असलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, डॉक्टरांना लगेच दाखवावं.

(तीन वर्षांची मुलगी, हातात रंगीत खडू.)

"आई, मी चित्र करलं!"

घरात कोणी 'करलं' म्हणत नाही. म्हणजे हे ऐकून उचललेलं नाही. धरलं, भरलं, ठरलं. त्याच चालीवर तिने करलं घडवलंय. चूक आहे, पण व्याकरण आल्याशिवाय ही चूक करता येत नाही.

"केलंस? बघू."

"हे बघ. आणि हेपण करलं."