खटखट चालेल, घंटा नको

(दृश्य: विणकर वसाहतीतली गल्ली, सकाळची वेळ. यंत्रमागांचा आवाज.)

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळ होते ती मागांच्या खटखटीनं. या घरातला आठ वर्षांचा मुलगा मागाशेजारी बसून रिकाम्या कांड्या रंगांप्रमाणे लावतोय. आपल्याला इथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तो मात्र निवांत आहे. आणि आता कुकरची शिट्टी झाली... कान घट्ट दाबून तो कोपऱ्यात गेला. मागाचा आवाज एका लयीत चालतो, पुढचा ठोका कधी पडणार हे त्याला ठाऊक असतं. शिट्टी मात्र अचानक अंगावर येते.

शाळेची घंटाही तशीच, नेमकी त्याच्या वर्गाच्या दाराशी टांगलेली. घंटा वाजली की तो बाहेर पळायचा आणि घरी निरोप यायचा, ‘तुमचा मुलगा वर्गात बसत नाही.’

हा मुलगा ऑटिस्टिक आहे, स्वमग्न. हा आजार नाही; त्याच्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी आहे. आईच्या दुर्लक्षानं किंवा मोबाइलमुळे कुणी ऑटिस्टिक होत नाही. ती घंटा चार खोल्या पलीकडे हलवायला शाळेला पैसे लागत नाहीत, साधं एक परिपत्रक पुरतं. सरकारनं काय करावं, याची सुरुवात आमच्या मते इथून आहे.

(दृश्य: अंगणाच्या सावलीत, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका.)

सोलापूरच्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, शेजारी कन्नड किंवा दखनी, अंगणवाडीत मराठी. मूल बोलेना की सगळे म्हणतात, ‘तीन भाषा कानावर पडतात, बोलेल सावकाश.’ यात दोन-तीन वर्षं निघून जातात. जास्त भाषा ऐकल्यानं ऑटिझम होत नाही, वाढतही नाही. हे त्या आईला तिच्याच भाषेत कुणी सांगायचं? 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे आणि विकासातला विलंब ओळखणं हे त्यातलंच काम आहे. पथकात तेलुगू, कन्नड बोलणारं कुणी असलं, तर हाक मारल्यावर मूल वळून बघतं का, हा प्रश्न आईपर्यंत नीट पोचेल.

पुढे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. त्यासाठी वापरतात ती ऑटिझमची भारतीय मापनश्रेणी, चाळीस मुद्द्यांची. मुलाकडे बघून आणि घरच्यांना विचारून प्रत्येक मुद्द्याला गुण द्यायचे. अनोळखी खोली, पंख्याची घरघर, बाहेर रांग, अशा ठिकाणी तासभर ताटकळलेलं मूल खरं कसं दिसणार? त्यात विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. आई ज्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत, त्या दिवशी चुलीला पैसा नाही. करमाळ्याच्या घरानं तर शंभरावर किलोमीटर यायचं. तपासणारे लोक महिन्यातून एकदा तालुक्याला गेले, ठरलेली वेळ त्यांनी पाळली, तर किती घरांचा जीव भांड्यात पडेल!

कायदा आपल्याकडे आहे, आणि चांगला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगत्वात ऑटिझम आहे. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के राखीव जागांपैकी 1 टक्का बौद्धिक, मानसिक, अध्ययनविषयक, बहुविध दिव्यांगत्व आणि ऑटिझम यांना मिळून आहे. पण मुलाखतीत नजरेला नजर देत नाही म्हणून गुण कापले, तर त्या टक्क्याचं काय करायचं? प्रश्न आधी लेखी द्या. कामाचा नमुना करून दाखवू द्या.

(दृश्य: होम मैदान, गड्डा यात्रेतले पाळणे.)

संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते. सोलापुरात जन्मलेल्या मुलानं गड्डा बघायचाच नाही, हे आम्हाला पटत नाही. पाळण्यांवरचे भोंगे एका दुपारी दोन तास बंद ठेवायचे. शोभेच्या दारूकामाची वेळ आधी जाहीर करायची आणि ती पाळायची. गर्दीपासून बाजूला एक शांत मंडप द्यायचा, तिथं आई-बाप आणि मूल बसू शकतील. बंदोबस्ताच्या बैठकीत एवढं सहज ठरू शकतं.

आणि अठरानंतर? मोठ्या ऑटिस्टिक माणसांबद्दल सगळे त्यांच्या आई-वडिलांनाच विचारतात. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अशा माणसासाठी कायदेशीर पालक नेमण्याचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे येतात. तिथं आधी त्या माणसाला विचारा. तो बोलत नसेल तर लिहून सांगेल, चित्रावर बोट ठेवेल. त्याला वेळ द्या. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठं खर्चायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत ऑटिस्टिक माणसाची खुर्ची हवी, आणि विषयपत्रिका त्याच्या हातात आठवडाभर आधी.