शक्ती वजा करून उरलेली तलवार

मित्रहो, अंगी अद्भुत शक्ती असलेल्या काल्पनिक योद्ध्याचं तलवारीचं कसब मोजायचं कसं, हा आजचा विषय. उदाहरण ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या जेडाय आणि सिथ यांचं घेतो, म्हणजे ‘फोर्स’ नावाची अदृश्य शक्ती वापरणाऱ्या दोन परस्परविरोधी योद्धा-पंथांचं, कारण त्यांची द्वंद्वं पडद्यावर थांबवून पाऊल न् पाऊल तपासता येतात.

‘अमक्याने तमक्याला हरवलं, म्हणजे तो श्रेष्ठ’ हा हिशेब आधी सोडून द्या. २००२ च्या चित्रपटात सिथ काउंट दूकू जेडाय ओबी-वानला दंडावर आणि मांडीवर वार करून पाडतो. २००५ च्या चित्रपटात दूकू ओबी-वानचा शिष्य अनाकिन याच्या हातून मरतो, आणि शेवटी ओबी-वान अनाकिनला हरवतो. तिघं वर्तुळात फिरतात. पहिला क्रमांक निघतच नाही. २००५ मध्ये दूकू ओबी-वानला पुन्हा बाद करतो खरा, पण फोर्सने उचलून फेकून. ते तलवारीच्या खात्यात धरायचं नाही.

आता शक्ती वजा करू. फोर्समुळे पुढचा क्षण आधी जाणवतो. एकालाच जाणवत असेल तर लढत एकतर्फी होते. यंत्रदेही जनरल ग्रीव्हस चार हातांत चार पाती फिरवतो, पण त्याच्याकडे फोर्स नाही, आणि ओबी-वान त्याचे दोन हात छाटतो. दोघांनाही जाणवत असेल तर तो फायदा जवळपास फिटतो. मग उरतं अंतर, पवित्रा, तोल, दम आणि जागा.

शस्त्राचाही विचार हवा. यांची तलवार म्हणजे लाइटसेबर, झळाळत्या ऊर्जेच्या पात्याची. त्या पात्याला वजन नाही आणि ते सगळीकडून कापतं. धार वळवून धरायची गरज नाही, जोर लावायचीही नाही. नुसता स्पर्श पुरतो. त्यामुळे मोठा घुमवलेला वार इथे वाया जातो आणि मनगटाची दोन बोटांएवढी हालचाल जीव घेते. दूकूची मकाशी ही शैली नेमकी यावर उभी आहे. त्याची मूठ वाकडी आहे, म्हणून टोकाचा कोन बोटांनी बदलता येतो. आपल्या दांडपट्ट्यात याच्या उलट असतं: लोखंडी खोबळ्यात मनगट जखडलेलं, वार कोपर-खांद्यातून निघतो आणि अनेकांना लांब ठेवतो. मकाशी एकास एक लढतीची. तिची उणीवही तिथेच आहे. पातं पात्याला भिडलं की मात्र जोर लागतो, आणि एका हाताने हलकेच धरलेलं पातं दोन्ही हातांच्या लागोपाठ जड घावांपुढे टिकत नाही. ऐंशी ओलांडलेल्या दूकूवर अनाकिनने तेच केलं: त्याला रेटत नेलं, मनगट पकडलं आणि दोन्ही हात उडवले.

जागेचं महत्त्व १९९९ च्या चित्रपटात दिसतं. ओबी-वानचा गुरू क्वाय-गॉन याची अतारू शैली उड्यांची, गिरक्यांची; तिला मोकळी जागा आणि तरुण फुप्फुसं लागतात. लढत खोल विवराभोवतीच्या अरुंद कठड्यावर आली, वय साठीकडे झुकलेलं. सिथ योद्धा मॉल याने दुहेरी शस्त्राची मूठ त्याच्या हनुवटीवर हाणली आणि उघड्या पडलेल्या पोटात पातं खुपसलं. इथे कसब कमी पडलं असं मी म्हणणार नाही. पवित्रा जागेला साजेसा नव्हता.

२००५ च्या चित्रपटात मुस्ताफार या लाव्हाच्या ग्रहावर ओबी-वान अनाकिनला म्हणतो ते ‘मी उंचावर आहे’ हे वाक्य चाहत्यांना पाठ आहे, पण त्याचा अर्थ उलटा लावला जातो. उंचीनेच जिंकता आलं असतं तर १९९९ मध्ये मॉल जिंकला असता. तो काठावर उभा होता आणि ओबी-वान खाली विवरात लोंबकळत होता, तेही निःशस्त्र. तरी ओबी-वानने उडी मारली, क्वाय-गॉनचं शस्त्र फोर्सने खेचून घेतलं आणि मॉलच्या पाठीमागे उतरून त्याचे दोन तुकडे केले. मॉलला ती उडी अनपेक्षित होती. मुस्ताफारवर ओबी-वानला ती अपेक्षित होती, कारण अनाकिनला त्यानेच घडवलं होतं. उडी मारलेल्या शरीराला हवेत वाट बदलता येत नाही. तयार पातं फक्त त्या वाटेत धरायचं. अनाकिनचे दोन्ही पाय आणि डावा हात तिथे गेले. त्याआधीचा बराच वेळ ओबी-वानने सोरेसू शैलीत, अंगाभोवती छोटी वर्तुळं राखत, नुसतं झेलण्यात घालवला होता. सोरेसू कंटाळवाणी दिसते, म्हणून लोक तिला कमी लेखतात. मला तो अन्याय वाटतो.

पुरावा तपासतानाही जपून. १९७७ मध्ये व्हेडर, म्हणजे पुढे मुखवटा चढवून सिथ झालेला अनाकिन, संथ लढतो आणि १९८० मध्ये चपळ. यावरून पात्राच्या वयाचे निष्कर्ष काढू नका. १९८० च्या लढतींत मुखवट्याआड ब्रिटनचे ऑलिम्पिक तलवारबाज बॉब अँडरसन होते. तसंच मुस्ताफारवर दोघं समोरासमोर उभे राहून पाती नुसती फिरवतात. ती शोभा आहे, मोजणीतून वगळा.

कसब सर्वांत स्वच्छ दिसतं ते ‘रिबेल्स’ या अ‍ॅनिमेशन मालिकेच्या २०१७ मधल्या एका भागात, म्हातारा ओबी-वान आणि दोन तुकडे होऊनही वाचलेला मॉल यांच्या लढतीत. ओबी-वान आधी सोरेसूचा पवित्रा घेतो, मग मुद्दाम क्वाय-गॉनचा. मॉलला जुना डाव आठवतो आणि तो तीच मूठ पुन्हा हाणायला जातो. ओबी-वान मुठीसकट छाती कापतो. सगळं मोजक्या आघातांत संपतं. हूल देण्यासाठी त्याने तलवार हलवलीही नाही, उभं राहण्याची ढब बदलली.

म्हणून माझा कौल असा: सपाट जमीन, फोर्सची फेकाफेक बंद, दोघंही ताजेतवाने, तर पहिल्या काही वारांत मी दूकूच्या बाजूने राहीन. तेवढ्यात निकाल लागला नाही तर ओबी-वान, कारण लढत लांबली की दूकूचा दम आणि एकहाती बचाव आधी तुटेल.