कॉपरटोन : सामान्यनाम होता होता राहिलेले नाव

मित्रहो, कॉपरटोन हे सनस्क्रीनच्या एका अमेरिकन ब्रँडचे नाव आहे. पुण्यात ते फारसे कोणाच्या तोंडी नाही. अमेरिकेतल्या इंग्रजीत मात्र समुद्रकिनाऱ्यावरच्या उन्हाळ्याचा विषय निघाला की ते सहज येते. ‘पाठीला कॉपरटोन चोपडले’, ‘टॉवेलला कॉपरटोनचा वास येत होता’ अशा अर्थाची वाक्ये बोलली जातात आणि बाटली खरोखर त्याच कंपनीची होती का, याची चौकशी कोणी करत नाही. असे असूनही हे नाव पुरतेपणी सामान्यनाम झालेले नाही, आणि मला आज बोलायचे आहे ते नेमके याविषयी.

आधी व्याकरण पाहू. दूध, तेल, साबण यांची नावे इंग्रजीत जशी उपपदाशिवाय, म्हणजे a किंवा the न लावता येतात, तसेच कॉपरटोन या वाक्यांत येते. म्हणजे विशेषनामाने पदार्थवाचक नामाचा वेष घेतलेला असतो. कंपन्यांचे वकील नेमके याच्या उलट सांगतात : आमचे नाव विशेषणासारखे वापरा आणि त्यापुढे वस्तूचे नाव जोडा. बोलणारे लोक वकिलांना विचारून बोलत नाहीत, हा भाग वेगळा. पण झेरॉक्सचे जसे इंग्रजीत क्रियापद झाले, तसे कॉपरटोनचे रूढ झाले नाही.

याचे कारण, माझ्या मते, त्या जागेवर आधीपासून बसलेल्या साध्या शब्दांत आहे. वस्तू नवी असते आणि तिला तोंडात बसणारे नाव नसते, तेव्हा ब्रँडला आत शिरायला वाट मिळते. ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड असे म्हणून औषधाच्या दुकानात गोळी कोण मागणार? म्हणून ॲस्पिरिन हे बायर कंपनीचे नाव त्या गोळीलाच चिकटले आणि १९२१ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने सर्वसामान्य ग्राहकाच्या दृष्टीने ते औषधाचेच नाव झाले आहे, असे मान्य केले. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकने आणलेली लुना आठवा. पुण्यात पुढे कोणत्याही कंपनीची मोपेड लुनाच ठरली, कारण ‘मोपेड’ हा शब्द आपल्या तोंडी रुळण्याआधीच लुना दारात उभी होती. जेसीबीचेही तेच. रस्ता खोदणाऱ्या त्या पिवळ्या यंत्राला दुसरे नाव असते, हे किती जणांना ठाऊक आहे? कॉपरटोनला अशी मोकळी जागा मिळाली नाही. अमेरिकेत आधी ‘सनटॅन लोशन’ होते, नंतर ‘सनस्क्रीन’ रूढ झाले, ब्रिटनमध्ये ‘सन क्रीम’ होतेच. तिन्ही शब्द सोपे आणि अर्थ सांगणारे.

मग या नावाने केले काय? त्याने वस्तूऐवजी वस्तूभोवतीचा काळ पकडला. मायामीतले औषधविक्रेते बेंजामिन ग्रीन यांनी १९४४ च्या सुमारास हे लोशन बाजारात आणले. नावाचा अर्थच तांब्याची छटा. म्हणजे विकले जात होते ते उन्हापासूनचे रक्षण नव्हे, तर उन्हाने येणारा रंग. १९५३ पासूनच्या प्रसिद्ध जाहिरातीत एक कुत्र्याचे पिल्लू लहान मुलीची पोहण्याची चड्डी ओढते आणि आतली गोरी त्वचा दिसते. जाहिरातीचा सगळा भर त्या दोन रंगांतल्या फरकावर होता. साठच्या दशकात तिथे याच नावाच्या तपकिरी रंगाचे फ्रिजही मिळत. त्यामुळे आज कोणी कॉपरटोनचा वास म्हणतो, तेव्हा तो बहुधा बालपणीच्या सुट्टीबद्दल बोलत असतो.

अतिनील किरण आणि त्वचेचा कर्करोग यांचा संबंध लोकांपर्यंत पोहोचल्यावर बोलण्याचा कल बदलला. आता ब्रिटिश माणूस ‘फॅक्टर फिफ्टी लाव’ म्हणतो, अमेरिकन मुली ‘एसपीएफ लावले का’ असे विचारतात. फॅक्टर काय किंवा एसपीएफ काय, सनस्क्रीन उन्हापासून किती रक्षण करते ते सांगणारा बाटलीवरचा आकडा तो हाच. ब्रँडने न घेतलेली जागा आकड्याने आणि आद्याक्षरांनी घेतली. पुण्यात तर कॉपरटोन या अर्थाचे नाव चाललेच नसते. आपल्याकडे ‘टॅन’ हा शब्द आला तो तक्रार म्हणून, तो काढण्यासाठी पार्लरमध्ये पैसे मोजले जातात आणि लक्ष्मी रस्त्यावरून दुचाकीवर जाणारी मुलगी स्कार्फ आणि सनकोट यांच्या आत पूर्ण झाकलेली असते. सनस्क्रीन हा शब्दही आपल्याकडे तयार सामान्यनाम म्हणूनच आला, त्यामुळे इथल्या कोणत्याही ब्रँडला लुनाचे भाग्य लाभले नाही.

आकड्याला नाव करण्यात मात्र एक खोट आहे. ब्रँडचे नाव काही मोजत नाही. आकडा मोजल्याचा आव आणतो. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण अडवते, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के, म्हणजे तीस आणि पन्नास यांत फरक जेमतेम एका टक्क्याचा. शिवाय ही मोजणी होते ती त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लोशन लावून. एवढा जाड थर घरातून निघताना घाईत बहुतेक कोणीच लावत नाही, आणि तरीही दुकानात गिऱ्हाईक विचारते ते ‘पन्नासवालं आहे का?’ एवढेच.