जुन्या बंदुकीचं लाकूड

(दृश्य : टेबलावर जुनी पंप शॉटगन, म्हणजे पुढचा लाकडी हात मागेपुढे ओढून काडतूस भरायची बंदूक. कॅमेरा दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडाच्या, मानेवर.)

ही भेग बघा. केसाएवढी. रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्र बसतं त्या पोलादी पेटीच्या, मागच्या कडेला सुरू होते आणि दस्त्याच्या मानेत दोन इंचांवर कुठेतरी विरून जाते. बाकी बंदूक ठणठणीत. पोलाद अजून कितीतरी वर्षं काढेल, लाकडाने मात्र मान टाकली. तेव्हा हिला दुसरा जुना दस्ता शोधून बसवायचा.

अमेरिकेत अशा बंदुका घरोघरी कपाटांत पडून आहेत. विंचेस्टरचं 'मॉडेल १२' १९१२ साली आलं आणि वीस लाखांच्या आसपास बनलं. १९५० सालचं रेमिंग्टन ८७० तर एक कोटीच्या वर गेलं. एवढ्या बंदुका, मग लाकडाला काय तोटा? ८७० वाल्याला खरंच नाही. कित्येकांनी अक्रोडाचा दस्ता उतरवून काळं प्लॅस्टिक चढवलं, आणि उतरवलेलं लाकूड विकायला काढलं. एकाची हौस, दुसऱ्याची सोय.

टेबलावरच्या या बंदुकीचं नशीब तसं नाही.

(दृश्य : नळीवर कोरलेली अक्षरं. बोट त्यावरून फिरतं.)

वेस्टर्न फील्ड. या नावाचा कारखाना शोधू नका, तो नव्हताच. हे माँटगोमेरी वॉर्डचं लेबल. १८७२ साली टपालाने माल धाडायला लागलेलं अमेरिकेतलं मोठं दुकान. बंदूक बनवायचा कारखाना, नाव ठोकायचं दुकान. सीअर्स या दुसऱ्या मोठ्या दुकानानेही तेच केलं. त्यांची 'जे. सी. हिगिन्स मॉडेल २०' ही हाय स्टँडर्ड कंपनीची, 'टेड विल्यम्स मॉडेल २००' ही विंचेस्टरची. म्हणून नळीवरच्या नावाने दस्ता शोधणारा महिनोन् महिने हात हलवत परत येतो. नावापुढचा आकडा बघायचा. इथे आहे एम ५५०. म्हणजे मॉसबर्ग कंपनीची ५००, फक्त बारसं वेगळं.

बारशाचा घोळ सुटला तरी काम संपत नाही. मॉसबर्ग ५०० सुरुवातीला एकाच सळीवर चालायची; पुढचा हात ओढला की आतलं यंत्र हलवते ती ही सळी. १९७० च्या सुमारास दोन सळ्या आल्या. पुढचा लाकडी हात, ज्याला फोरएंड म्हणतात, तो याच सळीच्या नळकांड्यावर बसतो. तेव्हा तो मागवण्याआधी आपल्या बंदुकीत सळ्या किती आणि नळकांडं किती लांब, हे स्वतः मोजा. विकणाऱ्याच्या 'बसेल हो' वर जाऊ नका.

कायद्याची अडचण इथे कमी आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे रिसीव्हर. लाकूड हा नुसता सुटा भाग, साध्या पार्सलने येतो. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूमरिचसारख्या कंपन्यांचा तर जुन्या बंदुकांचे सुटे भाग विकण्याचाच धंदा आहे. प्रत्येक भाग सुटा करून काढलेली त्यांची चित्रं, विकत काही घ्यायचं नसलं तरी बघावीत.

(दृश्य : दोन जुने दस्ते शेजारी शेजारी, तोंडाकडून.)

जुना दस्ता घेताना लोक फोटोत चमक बघतात. मी आधी त्याच्या तोंडाचा, म्हणजे रिसीव्हरला टेकणाऱ्या टोकाचा, फोटो मागतो. बंदूक वर्षानुवर्षं उभी ठेवली की यंत्रातलं तेल खाली झिरपतं आणि लाकूड आतून काळं, मऊ पडतं. डावीकडचा बघा, नख रुततंय. हा फुकट मिळाला तरी नको. उजवीकडचा ओरखड्यांनी भरलाय, पण तोंड कोरडं आहे आणि मानेतल्या रेषा सरळ लांबीला धावताहेत. रेषा मानेतून तिरकी बाहेर पडली, तर लाकूड तिथेच फुटणार.

आता जुना दस्ता काढायचा. त्याआधी चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं, मॅगझीन (काडतुसांचा साठा) रिकामं; डोळ्यांनी बघून आणि बोट घालून. पाठीमागची तळपट्टी सोडवली की आत खोल, अंधारं भोक. त्याच्या तळाशी बोल्ट. लांब पेचकस हळू उतरवायचा आणि खाच हाताला लागेपर्यंत पिळायचं नाही. पेचकस खाचेऐवजी बोल्ट आणि लाकडाच्या फटीत शिरला, तर पिळणाराच दस्ता आतून उकलतो.

(दृश्य : दिव्याच्या ज्योतीवर धरलेलं पोलाद. काजळी चढते.)

नवा दस्ता पेटीतून काढला आणि बसला, असं क्वचितच होतं. बार उडाल्यावरचा धक्का रिसीव्हरच्या मागच्या कडेवरून लाकडात उतरतो. कड सगळीकडून सारखी टेकली पाहिजे. एकाच कोपऱ्यात टेकली की तो कोपरा पाचरीसारखा काम करतो. आपली केसाएवढी भेग अशीच पडली असणार; बोल्ट सैल झाला होता.

म्हणून काजळी. पोलादावर पातळ थर, दस्ता सरळ दाबायचा, काढायचा. लाकडावर काळा ठिपका आला तिथेच पोलाद टेकतंय. तेवढंच पटाशीने खरवडायचं, कागदाएवढं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. पहिल्या वेळी दोन ठिपके. दहाव्या वेळी सहा-सात. घाई झाली आणि जास्त निघालं, तर ते परत चिकटवता येत नाही.

(दृश्य : कडेने सलग काळी रेघ उमटलेली.)

ही रेघ सलग आली. आता बोल्ट आवळायला हरकत नाही.

थांबा. जुना दस्ता उलटा करून ठोका. वॉशर अजून त्याच भोकात अडकलाय.