कुठल्या लाल बोयाजवळ?

नमस्कार श्रोतेहो.

सात-आठ वर्षांपूर्वीची फेब्रुवारीतली संध्याकाळ. मी आणि माझा मोठा भाऊ आमच्या छोट्या शिडाच्या होडीतून मांडव्याहून गेटवेकडे परतत होतो. होडीचं नाव ‘नीरा’. निम्म्या वाटेत वारा पडला. इंजिन सुरू करायला गेलो, तर ते दोनदा खोकलं आणि गप्प झालं. ओहोटी लागलेली होती. होडी हळूहळू मोठ्या जहाजांच्या वाटेत ओढली जाऊ लागली आणि कंटेनरचं एक जहाज बंदराकडे येताना दिसलं. दादाने रेडिओचा माईक उचलला आणि एका दमात बोलून टाकलं, “हॅलो हॅलो, ऐकू येतंय का, इंजिन बंद पडलंय, लाल बोयाजवळ आहोत, लवकर या!”

उत्तर लगेच आलं. जवळपासच्या मच्छीमार बोटीवरचे कोणी तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “कोण बोलताय? कुठल्या लाल बोयाजवळ?”

मुंबई बंदरात शिरताना जहाजांच्या वाटेच्या डाव्या हाताला लाल बोयेच, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, लावलेले असतात, एकामागून एक. दादाने सांगितलं होतं ते सगळं खरं होतं. पण तेवढ्यावरून आम्हाला कोणी शोधू शकलं नसतं.

हौसेने समुद्रात जाणारे पुष्कळ जण म्हणतात, खिशात मोबाईल आहे, रेडिओ कशाला? मोबाईलवर तुमचं बोलणं एकाच माणसाला ऐकू जातं, आणि तो माणूस बहुधा दादरला घरी बसलेला असतो. व्हीएचएफ, म्हणजे बोटींवर असतो त्या रेडिओच्या चॅनल १६ वर तुम्ही बोललात, की टप्प्यातल्या ज्या ज्या बोटीचा सेट चालू आहे, तिथे तिथे तुमचा आवाज पोचतो. दहा मिनिटांत तुमच्यापर्यंत येऊ शकणारा माणूस त्यातलाच असतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर मोबाईलमध्ये ठेवाच, पण रेडिओला तो पर्याय नव्हे.

आता बोलायचं कसं? आधी बटण दाबा, सेकंदभर थांबा, मग बोला. बटण दाबताक्षणी बोललं, की पहिला शब्द कापला जातो, आणि पहिला शब्द बहुतेक वेळा नावच असतं. माईक तोंडापासून दोन-तीन बोटं लांब धरा. ओरडू नका, ओरडल्याने आवाज फाटतो. बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणा आणि बटण सोडा. बटण दाबलेलं असेपर्यंत तुम्हाला समोरच्याचं काही ऐकू येत नाही, आणि त्या चॅनलवर दुसऱ्या कुणालाही नीट बोलता येत नाही. माईक उशीखाली किंवा सामानात दबून बटण तसंच अडकून राहिलं, तर आसपासच्या सगळ्या बोटींची मदतीची वाट बंद होते. माईक खुंटीलाच अडकवायचा, ही शिस्त घरातल्या पोरांनाही लावा.

नावाची एक गंमत त्याच संध्याकाळी कळली. तांडेल आम्हाला ‘मीरा’ म्हणत होते. रेडिओच्या खरखरीत ‘न’ आणि ‘म’ सारखेच वाटतात. त्यासाठीच १९५६ पासून जगभर वापरली जाणारी अक्षरमाला आहे, तिच्यात प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक ठरलेला शब्द असतो. ‘नीरा’साठी: नोव्हेंबर, इंडिया, रोमिओ, अल्फा. आपल्या होडीचं नाव असं न अडखळता सांगता आलं पाहिजे.

आणि आकडे! आपल्या मराठी आकड्यांवर माझं फार प्रेम आहे, पण रेडिओवर ते घात करतात. आमचं रेखांश होतं ७२ अंश ४९ मिनिटं. ‘एकोणपन्नास’ म्हटलं आणि ऐकणाऱ्याला ‘एकोणचाळीस’ वाटलं, तर शोधणारी बोट आमच्यापासून साडेसतरा किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात गेली असती. म्हणून एकेक आकडा सुटा म्हणायचा: सात दोन अंश, चार नऊ मिनिटं. मी दादाच्या हातातून माईक घेतला आणि जीपीएसवर बघून तसंच वाचलं, दोनदा. तांडेलांनी आकडे परत म्हणून दाखवले. मग जहाजावरून इंग्रजीत आवाज आला: तुम्ही दिसलात, मी वळतोय. पाऊण तासाने तांडेलांच्या बोटीचा दोर आमच्या होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधलेला होता.

जिवावर बेतलं असेल, तर ‘मेडे’ तीनदा म्हणायचं. हा शब्द १९२३ च्या सुमारास लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी सुचवला. ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून त्यांना तो सुचला. जीव लगेच धोक्यात नाही, पण मदत हवीच, तेव्हा ‘पॅन-पॅन’, तेही तीनदा. त्यानंतर होडीचं नाव तीनदा, मग जागा, मग काय झालंय, काय हवंय, होडीत किती माणसं. जागा आधी सांगायची, कारण पुढे बॅटरी गेली तरी मदतीला येणाऱ्याला कुठे जायचं ते कळलेलं असतं. साध्या गप्पांसाठी मात्र १६ वर फक्त हाक मारा आणि दुसऱ्या चॅनलवर जा.

हातातल्या छोट्या सेटबद्दल थोडं. या रेडिओची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते, म्हणून पॉवरपेक्षा उंचीला महत्त्व. होडीत बसून, पाण्यापासून मीटरभर उंचीवरून, तुमचा आवाज तशाच दुसऱ्या होडीपर्यंत फार तर चार-साडेचार सागरी मैल जाईल. अँटेना डोलकाठीच्या टोकाला नेलीत, तर टप्पा कितीतरी वाढतो. हातातला सेट असेल, तर जपून उभे राहा, तेवढ्यानेही फरक पडतो.

आमच्या सेटशेजारी आता प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड आहे. त्यावर मेडेची वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहेत. जागेसाठी आणि माणसांच्या आकड्यासाठी रिकाम्या रेघा ठेवल्या आहेत. हंगाम सुरू होण्याआधी सेट बंद ठेवून, माईक हातात धरून आम्ही ते मोठ्याने वाचतो. गेल्या वर्षी दादाच्या नऊ वर्षांच्या मुलीने वाचलं. ‘नोव्हेंबर, इंडिया, रोमिओ, अल्फा’ एकदाही न चुकता.